अठ्ठावन्न टक्के

१४ जून १९९७, शनिवार

प्रयोगवहीत वेळ, वजन, तापमान आणि आकडे जातात. उरलेलं लिहायला ही वही. हुबळीला दाजीबानपेठेत आईच्या साडीला फॉल घेताना शेजारच्या दुकानात दिसली, घेतली. कुणाला दाखवायची नाही.

माझं काम दोन ओळींत सांगता येतं. पांढऱ्या उंदरांचे तीन गट: तीन महिन्यांचे, बारा महिन्यांचे, चोवीस महिन्यांचे. मेंदूच्या पेशी ज्या रसायनांनी एकमेकींना निरोप देतात, ती वयाबरोबर किती कमी होतात ते मोजायचं. डोपामाइन, सेरोटोनिन, आणि ॲसिटिलकोलीन तोडणारं एन्झाइम. तरुण आणि मधला गट मोजून झाला. म्हातारा गट पुढच्या महिन्यात दोन वर्षांचा होईल. सोळांपैकी अकरा उरलेत.

पद्धत नीट चालते का हे पाहायला काल एका तरुण उंदराला रेझर्पिन टोचलं. सर्पगंधेच्या मुळातलं हे द्रव्य मेंदूतला डोपामाइनचा साठा रिकामा करून टाकतं. आज तो कोपऱ्यात पाठ वाकवून बसला होता. पापण्या अर्ध्या मिटलेल्या. पेन्सिलीनं ढोसलं तरी जागचा हलला नाही. मोजल्यावर डोपामाइन जवळजवळ शून्य. पद्धत बरोबर आहे.

उंदीरघर सांभाळणाऱ्या जनाबाई अळणावरजवळच्या खेड्यातून रोज बसनं येतात. त्या उंदराला बघून म्हणाल्या, "दीपाक्का, ह्यो उठंना. काय घातलंत ह्याला?" औषध, म्हटलं. "औषीद घालून आजारी पाडतात व्हय?" म्हणाल्या आणि झाडू घेऊन पुढे गेल्या.

अप्पांचं ब्लडप्रेशर १७०/१०४ वरून १३८/८६ वर आलं. मे महिन्यात डॉक्टरांनी गोळी बदलली, ती लागू पडली. आईनं देवापुढं साखर ठेवली.

३ जुलै, गुरुवार

काल आणि आज मिळून म्हातारा गट संपवला. दोन्ही दिवस नऊ ते अकराच्या मधे, कारण दिवसाच्या वेळेप्रमाणे डोपामाइन बदलतं. हात चांगला चालला. प्रत्येक मेंदू दीड मिनिटाच्या आत बर्फावर.

जनाबाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं की दोन दिवस घरी काम आहे. घरी काही काम नाही हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं. त्या अकरांपैकी चौघांचे दात झिजून वाकडे झाले होते. त्यांचं खाणं त्या रोज पाण्यात भिजवून हातावर घेऊन भरवत. पाठीवरच्या पिवळ्या खुणांनी मी त्यांना ओळखायची. त्या बहुतेक तोंडावरून ओळखायच्या.

रसायनं मोजायच्या फ्लुओरोमीटरचा दिवा गेलाय. बंगळूरहून नवा येईपर्यंत नमुने डीप फ्रीझरमध्ये.

२० जुलै, रविवार

हे क्रमानं लिहिते.

शनिवारी दुपारी तीन चाळीसला वीज गेली. गेल्या वर्षी वीज परत येताना एकदम जोरात आली आणि फ्रीझरचा कॉम्प्रेसर जळाला, तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे: वीज गेली की फ्रीझरचा स्विच बंद करायचा, आली की दहा मिनिटं थांबून चालू करायचा. हा नियम मीच कन्नड आणि इंग्रजीत लिहून भिंतीवर चिकटवला आहे. खाली तांबड्या शाईत: संशोधकांखेरीज कुणीही स्विचला हात लावू नये.

मी स्विच बंद केला. पावणेपाचपर्यंत थांबले. विभागात दुसरं कुणी नव्हतं. सहाला परत येऊ असं ठरवून घरी गेले. सप्तापूरला आमच्या घरात साडेपाचला दिवा लागला. तो लागलेला मी पाहिला. चहा घेतला. पाणी गरम होतं म्हणून केस धुतले.

आठवण झाली आज सकाळी साडेनऊला, केस विंचरताना. सव्वादहाला फ्रीझर उघडला. अठरा तास पस्तीस मिनिटं. नळ्यांतलं सगळं वितळलं होतं. बाहेर फरशी नुकती पुसलेली होती. जनाबाई रविवारीही उंदरांना खायला घालायला येतात. म्हणाल्या, "नवापास्नं पाणी पुसतीया. स्विच दिसला बंद. पर हात लावायचा न्हाई म्हणून तुमीच लिवलंय."

नळ्या पुन्हा गोठवल्या. सरांना सांगायला हवं. माझे गाईड डॉ. वेंकटेश रागावत नाहीत, ते गप्प होतात, आणि ते जास्त वाईट. आधी मोजून बघते. फार बिघडलं असेल तर आकड्यातच दिसेल, मग सांगेन.

५ ऑगस्ट, मंगळवार

दिवा आला, नमुने मोजले.

स्ट्रायटम हा मेंदूतला हालचाली सांभाळणारा भाग. त्यातलं डोपामाइन: तरुण ९.८, मधले ८.६, म्हातारे ४.१. घट अठ्ठावन्न टक्के. सेरोटोनिनही बरंच खाली. एन्झाइम मात्र फक्त एकोणीस टक्के कमी, छापील शोधनिबंधांत असतं तेवढंच.

डोपामाइनची घट बाहेरच्या निबंधांत वीस ते तीस टक्के सापडते. माझी दुप्पट. पण दिशा तीच.

सर आकडे बघून बराच वेळ पेन्सिल फिरवत बसले आणि कन्नडमध्ये म्हणाले की इतका स्वच्छ परिणाम या विभागात दहा वर्षांत आला नाही. डिसेंबरमध्ये म्हैसूरच्या परिषदेला पाठवूया म्हणाले. नियमाप्रमाणे विचारलं, नमुने कसे ठेवले होते? मी म्हणाले, उणे वीसला.

हे खोटं नाही. ते उणे वीसलाच ठेवलेले होते. अठरा तास पस्तीस मिनिटं सोडून.

१७ ऑगस्ट, रविवार

अप्पांचं नाक महिनाभर चोंदलेलं आहे. सर्दी नाही, ताप नाही. आई वेखंड उगाळून लावते.

अप्पा भूमापन खात्यात नकाशे काढायचे. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली, तरी घरातल्या डब्यांवरची नावंसुद्धा तेच लिहितात, नकाशातल्या गावांच्या नावांसारखी. आज आईनं नवे डबे दिले. 'मेथी' लिहायला त्यांना किती तरी वेळ लागला, आणि 'थी' 'मे'पेक्षा लहान आलं. आई मला खुणावत होती. मी म्हटलं, एकसष्ट वय आहे, हात थोडा मंदावणारच.

१० सप्टेंबर, बुधवार

अप्पांना घेऊन डॉक्टरांकडे गेले. ब्लडप्रेशर १३२/८४. डॉक्टर खूष. त्यांनी अप्पांना विचारलं, चालणं हळू झालंय का, पाय घासतात का? अप्पा उत्तर द्यायला वेळ घेतात हल्ली. त्यांच्या आधी मी बोलले. म्हटलं, वयाप्रमाणे डोपामाइन कमी होतं, माझं काम त्यावरच आहे, घट आपण समजतो त्याहून बरीच जास्त असते. डॉक्टर हसले. म्हणाले, "मग घरीच एक्स्पर्ट आहे, विठ्ठलराव."

तीच गोळी पुढं चालू.

घरी रिक्षातून उतरताना अप्पांनी माझा खांदा धरला. पूर्वी धरत नसत.

५ ऑक्टोबर, रविवार

प्रबंधातल्या आकृत्या अप्पा काढणार हे मी एम.एस्सी.ला असतानाच ठरलेलं होतं. संगणक केंद्रातले आलेख करवतीनं कापल्यासारखे दिसतात असं ते म्हणायचे. आज त्यांनी जुनी पेनं धुतली, ट्रेसिंग पेपर चिकटवला. मी आकडे वाचून दाखवले.

पहिला स्तंभ पाऊण तासात झाला. दुसरा त्याहून हळू. तिसऱ्याला हात थरथरायला लागला. तिसरा सगळ्यांत आखूड, म्हणजे सगळ्यांत सोपा. त्याची उजवी रेघ बाहेर गेली. त्यांनी पात्यानं शाई खरवडली, पुन्हा ओढली, पुन्हा गेली. तिसऱ्या वेळी कागद फाटला.

त्यांनी विचारलं, "हा इतका खाली का?"

मी सांगितलं. हे म्हातारे उंदीर. वयाबरोबर हे रसायन संपत जातं, म्हणून हालचाल मंदावते, हात थरथरतो. सगळ्यांचंच होतं. तुमचंही तेच आहे, आजार नाही.

त्यांनी स्तंभाकडं पाहिलं, मग हाताकडं. "एवढं?"

मी म्हटलं, माझ्या आकड्याप्रमाणे एवढं.

"साकु," म्हणाले. पुरे. पेनं पुसून पेटीत ठेवली.

त्यांना धीर यावा म्हणून मी सांगितलं होतं. आजार नाही हे ऐकून माणसाला बरं वाटायला हवं.

आकृत्या संगणक केंद्राला दिल्या.

२ नोव्हेंबर, रविवार

दिवाळी झाली. अप्पा अभ्यंगाला उठले नाहीत. आई म्हणते, हुबळीला मेंदूचे मोठे डॉक्टर आहेत, दाखवूया. मी म्हटलं, ते दहा तपासण्या करतील आणि मी सांगते तेच सांगतील. आई म्हणाली, "तू सांगतेस म्हणून मी गप्प बसते, दीपा. नाही तर बसले नसते."

१९ डिसेंबर, शुक्रवार. म्हैसूर

पोस्टरपुढं सकाळपासून उभी होते. बरेच जण थांबले. हैदराबादच्या एका वयस्कर बाईंनी चष्मा वर करून विचारलं, अठ्ठावन्न जास्त वाटत नाही का? आणि डोपामाइन एवढं पडलं तर एन्झाइम कसं टिकलं?

मी म्हणाले, आमच्या उंदरांची पैदास इथलीच आहे, फरक असू शकतो. उत्तर तयार होतं. कधी तयार केलं ते मला आठवत नाही.

बाई म्हणाल्या, "शक्य आहे. पुन्हा करून बघा." खोच नव्हती त्यात.

नमुने वितळले की डोपामाइन तुटतं. एन्झाइम टिकतं. हे मला पाच ऑगस्टलाच कळलेलं होतं. शब्दांत आणलं नव्हतं एवढंच. आता आणलं. त्या अठ्ठावन्नांतले वीस वयाचे असतील, किंवा तीस, किंवा दहा. बाकीचे माझे. वेगळे करायची कुठलीही पद्धत नाही.

नव्या वर्षात सरांना सांगेन.

१४ जानेवारी १९९८, बुधवार

संक्रांत. सरांना सांगितलेलं नाही.

जनाबाई संध्याकाळची बस पकडण्याआधी घरी आल्या, तिळगूळ आणि शेतातल्या पावट्याच्या शेंगा घेऊन. अप्पांना त्या ओळखतात, अण्णा म्हणतात. गेल्या वर्षी अप्पा पिंजऱ्यांच्या मांडणीचा नकाशा काढायला उंदीरघरात आले होते. उंदरांना सर्व्हे नंबर द्या, म्हणजे शेजारचा पिंजरा बळकावणार नाहीत, असं काही तरी म्हणून त्यांनी जनाबाईंना तासभर हसवलं होतं.

आज अप्पा खिडकीजवळच्या खुर्चीत होते. जनाबाईंनी वाकून तिळगूळ दिला. अप्पांनी तो घेतला आणि तळहातावर तसाच ठेवला. डोळे अर्धे मिटलेले. जनाबाई जरा वेळ उभ्या राहिल्या, मग माझ्यामागून स्वयंपाकघरात आल्या.

"अण्णास्नी काय घातलंय?"

काही नाही, वय झालंय, म्हटलं.

"वय मला सांगू नका अक्का. दोन वरसं मी तेच सांभाळलं की. म्हातारं उंदीर हळू चालतंय, पर चालतंय. दार उघडलं की वास घेत म्होरं येतंय. हे तसं न्हाई. तुमी सुई टोचली हुती बगा एकाला, त्येच्यागत बसल्यात अण्णा."

मी म्हटलं, चहा घ्या. त्यांनी घेतला. त्या गेल्यावर अप्पांच्या औषधांचा डबा काढला. त्यावर 'औषधे' हे अप्पांनीच लिहिलेलं आहे, चांगल्या दिवसांतलं. गोळ्यांच्या पट्टीवर मोठ्या अक्षरात कंपनीनं ठेवलेलं नाव. खाली दोन घटक, इतक्या बारीक अक्षरात की खिडकीशी न्यावं लागलं. दुसरा घटक रेझर्पिन.

माझ्या कपाटात एकतीस बाटल्या आहेत. दर महिन्याच्या एक तारखेला मी प्रत्येकीचं लेबल वाचून वहीत नोंद करते. ही पट्टी आठ महिने फ्रिजवरच्या डब्यात होती. चारदा औषधाच्या दुकानातून मी स्वतः आणली.

१५ जानेवारी, गुरुवार

सकाळी डॉक्टरांकडे एकटी गेले. त्यांनी पट्टी हातात घेतली, चष्मा काढला. वर्षानुवर्षं ही गोळी देतोय, या प्रमाणात असं फार कमी जणांना होतं, म्हणाले. लगेच दुसरी लिहून दिली. नाकाचं विचारलं. चोंदलेलं आहे, कधीपासून ते सांगितलं. त्यांनी मान हलवली. तेही त्या गोळीचंच.

मग म्हणाले, "त्या दिवशी मी विठ्ठलरावांना विचारलं होतं, आठवतं? तू म्हणालीस वय. तू त्यातली शिकलेली, म्हणून मी पुढं विचारलं नाही. चूक माझी आहे."

चूक त्यांची आहे असं त्यांनी म्हटलं आणि मी त्यांना म्हणू दिलं. घरी येईपर्यंत हेच डोक्यात.

आईला सांगितलं की गोळी बाधत होती, बदलली. आईनं विचारलं, कुणाच्या लक्षात आलं? जनाबाईंच्या, म्हटलं.

२३ जानेवारी, शुक्रवार

अप्पा तसेच आहेत. डॉक्टर म्हणाले होते, आठवडे लागतील, कदाचित महिने.

मी उलटा हिशोब करून पाहते. माझा आकडा पंचवीस आला असता तर? तर अप्पांकडं बघून मला वाटलं असतं की हे पंचवीसमध्ये बसत नाही, दुसरं काही तरी आहे. अठ्ठावन्नमध्ये ते बसले. फ्रीझरनं मला एक आकडा दिला आणि मी माझे वडील त्यात बसवले.

ऑक्टोबरमध्ये त्यांना दाखवलेला तो स्तंभ. त्या दिवसानंतर त्यांनी पेटी उघडलेली नाही. ते गोळीमुळं, का मी सांगितलं म्हणून? हेही वेगळं करता येत नाही.

९ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी अप्पांनी नाक मोकळं झाल्याचं सांगितलं आणि कालचं वर्तमानपत्र मागितलं. कालचंच का, तर आजचं आई वाचत होती. तिच्याकडून ओढून घेणार नाही, म्हणाले. आई आत जाऊन रडली.

पाय अजून घासतात. पण दारापर्यंत गेले, खांदा न धरता.

१६ फेब्रुवारी, सोमवार

सरांना सांगितलं. तारीख, वेळ, तास, मिनिटं. स्विच, नियमाचा कागद, केस धुतले तेही. पाच ऑगस्टला त्यांनी विचारलं होतं आणि मी काय उत्तर दिलं होतं, ते. अप्पांचं सांगितलं नाही. त्याची ढाल केल्यासारखं झालं असतं.

अपेक्षेप्रमाणे गप्प झाले. मग विचारलं, आत्ता का? आणखी कुणाला माहीत आहे? जनाबाईंना, म्हटलं.

"पोस्टरवर माझंही नाव होतं," एवढंच म्हणाले. आवाज चढवला नाही.

शेवटी त्यांनी सांगितलं ते असं. म्हाताऱ्या गटाचे सगळे आकडे, एन्झाइमसकट, रद्द. परिषदेला लेखी पत्र जाईल, ते मी लिहायचं, सही दोघांची. सध्या वयानं सर्वांत मोठी तुकडी तेरा महिन्यांची आहे. ती चोवीसची होईपर्यंत अकरा महिने थांबायचं. फेलोशिप मार्चमध्ये संपते, त्यानंतर काय ते त्यांना ठाऊक नाही. फ्रीझरची किल्ली ऑफिसात ठेवून जायला सांगितली.

मी किल्ली ठेवली.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

जनाबाईंना सांगायला उंदीरघरात गेले. ते अकरा उंदीर वाया गेले, माझ्यामुळं, असं म्हटलं. त्या पिंजऱ्यातला भुसा बदलत होत्या. थांबल्या नाहीत.

"ठावं हाय की. पाणी मीच पुसलं न्हवं?"

मग तुम्ही काही बोलला का नाहीत, असं विचारलं. विचारताच चूक कळली.

"कुणापाशी बोलू? तुमी सायबाला सांगाल म्हणून वाट बघितली. मग कळलं, म्हैसूरला गेलाय म्हणून." भुशाचं पोतं पायानं सरकवलं. "त्यातलं चार माझ्या हातावर खात हुते अक्का. दोन वरसं वाढवायचं, आन् मारल्यावर मोजायचं बी न्हाई नीट."

भुसा पसरून झाल्यावर त्यांनी विचारलं, अण्णा कसे आहेत? वर्तमानपत्र वाचतात, म्हटलं. "बरं झालं," म्हणाल्या, पण माझ्याकडं बघून नाही.

पुढच्या तुकडीला त्या सांभाळतील का, हे विचारायला गेले होते. न विचारताच आले.

१ मार्च, रविवार

आईला आणि अप्पांना सगळं सांगितलं. फ्रीझर, आकडा, डॉक्टरांपुढं अप्पांच्या आधी मी बोलले ते. आई मधेच उठून गेली आणि बराच वेळ आली नाही. नंतर आली ती एकच वाक्य घेऊन: दिवाळीत मी म्हटलं होतं हुबळीला जाऊया. तेव्हापासून ती माझ्याशी कामापुरतं बोलते. ताट वाढते, भात हवा का विचारते.

अप्पांनी सगळं ऐकलं. त्यांना एवढंच हवं होतं की खरा स्तंभ किती उंच. माहीत नाही, म्हटलं. मग त्यांनी विचारलं, एकदा चुकीची मोजणी झाली तर तुमच्यात काय करतात? पुन्हा मोजतात, म्हटलं. खात्यातही तसंच, म्हणाले, फक्त तिथं जमीन मरत नाही.

ते हसले की नाही ते कळलं नाही. चेहरा अजून पूर्ण हलत नाही त्यांचा.

२२ मार्च, रविवार

सरांचा निरोप आला. फेलोशिप संपली तरी विभागात यायची परवानगी राहील. किल्ली ऑफिसातून मागून घ्यायची आणि दर वेळी सही करायची. शुक्रवारी पहिली सही केली. उंदीरघरात गेले. जनाबाईंनी नव्या तुकडीची वजनं लिहून ठेवली होती, वाकड्यातिकड्या आकड्यांत, पण एकही दिवस सुटलेला नाही. म्हणजे त्यांनी ठरवलेलं आहे. माझ्यासाठी ठरवलं असं मी समजत नाही.

अप्पा आता कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जाऊन येतात. पाय उचलले जातात. उजवा हात स्थिर आहे. आज त्यांनी स्वतः दाढी केली, कुठं कापलं नाही.

दुपारी चहा घेताना बशी वाजत होती. त्यांनी ती डाव्या हातात धरली होती. कप उचलला तरी अंगठा हलतच राहिला, पाळण्यासारखा, एका लयीत. त्यांनी बशी खाली ठेवली, हात मांडीवर ठेवला. तरी तो हलत होता. गोळी बंद होऊन नऊ आठवडे झाले.

आम्ही दोघं त्या अंगठ्याकडं बघत होतो. आई दारात उभी होती.

"हे वयाचं ना, दीपा?"

गोळीचा उरलेला परिणाम असू शकतो. वय असू शकतं. किंवा आधीपासून दबून असलेला दुसराच आजार, जो गोळीनं फक्त वर आणला. तिन्ही मला एका दमात सांगता आली असती, निबंधांच्या संदर्भासकट.

"मला माहीत नाही, अप्पा."

आई माझ्याकडं बघत राहिली. अप्पांनी मान डोलावली, बशी उजव्या हातात घेतली आणि उरलेला चहा संपवला.

"मग विचारायला जाऊ की."

हुबळीच्या डॉक्टरांची वेळ आईनं शेजारून फोन करून घेतली. उद्या साडेदहा. आठची बस. मी बरोबर जाणार आहे, बाहेर बाकावर बसायला.